अकराशे चौऱ्याऐंशी ओळी

२ नोव्हेंबर, रविवार

किशोरने फर्मान काढले आहे. 'श्रवणी'च्या प्रत्येक तपासनीसाने कोणता पॅच कधी उघडला, किती वेळ वाचला आणि काय निकाल दिला याची नोंद सामायिक तक्त्यात करायची. तक्ता सगळ्या जगाला दिसतो. जे जगाला दिसू नये त्यासाठी ही वही. दुकानदार म्हणाला, "वर्ष संपाले आलं साहेब, आता डायरी?" मी म्हटले, अरे, वार्ताहर आहे, घटना घडून गेल्यावरच पोहोचतो.

उद्या मीच विसरेन म्हणून मुळापासून लिहितो. 'श्रवणी' हे अंध माणसांसाठीचे सॉफ्टवेअर. पडद्यावरचे मराठी ते मोठ्याने वाचून दाखवते. खुले आहे; कोणीही आत डोकावावे आणि सुधारणा पाठवावी. त्या सुधारणेला पॅच म्हणतात. पॅच आला की त्या विभागाच्या तपासनीसाने तो वाचायचा, पटला तर सही करायची, मग किशोर तो मूळ प्रतीत मिसळतो. किशोर माझा शाळासोबती, आता पुण्यात, प्रकल्पाचा प्रमुख. आवाजाचा विभाग माझा. पगार कोणालाच नाही. पोटासाठी मी अमरावतीत एका दैनिकाचा वार्ताहर आहे. त्याआधी नऊ वर्षे संस्कृत पाठशाळेत काढल्यामुळे दुसऱ्या कशाच्या लायकीचा उरलो नव्हतो.

नियम दोन. ३० नोव्हेंबरला संध्याकाळी सहानंतरची सही धरली जात नाही; पॅच थेट जूनच्या आवृत्तीत जातो. आणि ज्या पॅचला तुमचा हात लागला, त्यावर तुमची सही चालत नाही.

आज माझ्या रांगेत त्रेचाळीस पॅच आहेत. त्यातला एक दामिनीचा. ही मुलगी मूळची हिवरखेडची, अकोल्याच्या एका कॉलेजात संगणक शिकवते, 'श्रवणी'च्या दुसऱ्या एका विभागाची तपासनीस, वय एकोणतीस. पॅचचे शीर्षक : 'वेगाने वाचताना अडखळणे बंद'. खाली यंत्राने आपणहून छापलेला हिशेब : नव्या ओळी २१२, वगळलेल्या ओळी ११८४.

वगळलेल्या अकराशे चौऱ्याऐंशी ओळी माझ्या आहेत. कोणता वर्ण किती लांबवायचा, कुठे श्वास घ्यायचा, कुठे थांबायचे, याचे एक भलेमोठे कोष्टक मी तेरा वर्षांपूर्वी पाठशाळेतल्या पाठांतराच्या जोरावर बांधले. 'श्रवणी' बोलते ती त्या कोष्टकावर.

यात मत्सराचा काही प्रश्न नाही. नोंद म्हणून लिहिले.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी दामिनीचा फोन.

"काका, पाह्यला काय माया पॅच?"

दिवाळीपर्यंत मी 'सर' होतो. दिवाळीत तिचे वडील खुशालराव शेवंतीची टोपली घेऊन घरी आले, चहा प्यायले, आणि तेव्हापासून मी काका झालो. बढती की बदली, ठरवता आलेले नाही.

"रांगेत आहे," मी म्हटले. "तुझ्या आधी सव्वीस आहेत."

"हो ना, रांग तं रांग. पण काका, योगेशदादाच्या अंध पोरांच्या संस्थेत पाच डिसेंबरले साठ लॅपटॉपात 'श्रवणी' भरून राहिले. एकदा भरले का पोरं घेऊन जातात आपापल्या गावी. मंग वर्षभर काई बदलत नाई. बारावीचे पेपर त्याच आवाजावर."

"कल्पना आहे मला."

"म्हणून म्हटलं. तुमी निवांत पाहा. तुमच्यासारखं कोनी पाहत नाई."

फोन ठेवल्यावर बराच वेळ त्या शेवटच्या वाक्याचा अन्वय लावत बसलो. स्तुती असेल तर अनावश्यक आहे. टोमणा असेल तर चांगला आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

काल कौंडण्यपूरला यात्रेच्या बातमीसाठी. धूळ, गर्दी, वर्धेच्या काठी दहीहंडी. परतताना एसटीत फोनवरच तीन पॅच निकालात काढले. तिन्ही सागरचे. हा परतवाड्याचा तरुण 'आदरणीय गुरुवर्य' अशी सुरुवात करतो आणि 'आपला चरणरज' असा शेवट. मधल्या भागात काही चुका असतात, पण सुरुवात आणि शेवट निर्दोष.

गीतांजलीने (सौ., पोस्टात आहे, त्यामुळे उशीर झालेल्या गोष्टींचा तिला अनुभव आहे) विचारले, "सागरचे तीन काल आले होते ना? मग दामिनीच्या आधी कसे लागले?"

"लहान होते."

"तुमची रांग रेशनच्या दुकानासारखी आहे. ओळखीचा माणूस मागच्या दाराने."

मी तिला रांगेचे शास्त्र समजावून सांगितले. तिने भाजी फोडणीला टाकली. आवाज माझ्यापेक्षा मोठा होता.

१० नोव्हेंबर, सोमवार

किशोरने तक्त्याची बेरीज गटावर टाकली. गेल्या आठ दिवसांत तपासलेले पॅच : दामिनी ३१, श्याम (म्हणजे मी) ९. बाकीचे चौघे मिळून १२. खाली त्याने लिहिले, 'दामिनी, जबरदस्त!' उद्गारचिन्ह एक असते तर सोडून दिले असते. तीन होती.

नगरपालिकांच्या निवडणुका लागल्या आहेत, मी दिवसाला चार बातम्या देतो, हे तक्त्यात कुठे लिहायचे? त्याला रकाना नाही.

चौकशी केल्यावर कळले की तिने तपासलेल्या एकतीसपैकी बावीस माझ्याच रांगेतले. आवाजाशी प्रत्यक्ष संबंध नसलेले, माझ्याकडे चुकून आलेले किंवा साचलेले. तिने किशोरला विचारून ते स्वतःकडे वळवून घेतले. याला माझ्या बातमीत मी अतिक्रमण म्हणतो.

"तुमचंच ओझं कमी केलं की तिने," गीतांजली म्हणाली.

"न विचारता."

"विचारलं असतं तर तुम्ही दिलं असतं?"

किशोरने वेगळा निरोपही पाठवला : 'आवाज विभागात दामिनीला जोडीला घेऊ या का? एकटा किती बघशील?' मी कळवले, 'विचार करू.' आपल्याकडे या दोन शब्दांचा जो अर्थ होतो तो त्याला कळला असावा, कारण त्याने पुन्हा विचारले नाही.

दुपारी ईर्ष्येला पेटून (लिहिले खरे. राहू दे.) चौदा पॅच तपासले. शलाका पद्धतीने. पाठशाळेत गुरुजी पोथीत काडी खुपसायचे, जिथे ती थांबेल तिथून विद्यार्थ्याने म्हणायचे. तीन ठिकाणी नीट म्हटले की अख्खी पोथी येते असे धरायचे. मी पॅचमध्ये तीन ठिकाणी काडी घालतो. सागरचा एक बराच लांब पॅच होता, फोन नंबर वाचण्याबद्दलचा. त्यात तीन काड्या घातल्या, तिन्ही ठिकाणी ठीक. सही.

तक्ता : श्याम २३.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दामिनीचा पॅच उघडला. काडीने नाही. ओळ न ओळ.

पाच तास वाचला आणि सत्तावीस हरकती लिहिल्या. नावे अर्थवाही नाहीत. दोन टिपांमध्ये इंग्रजी आणि मराठीची सरमिसळ. एकोणिसाव्या ओळीतला गुणाकार स्पष्ट केलेला नाही. सत्ताविसावी हरकत अशी की एवढे मोठे जुने काम वगळताना त्याच्या कर्त्याशी आधी चर्चा व्हायला हवी होती.

पाठवून झाल्यावर फार हलके वाटले. पोहे दोनदा घेतले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सत्तावीसच्या सत्तावीस दुरुस्त्या करून पॅच परत आला. प्रत्येक हरकतीखाली उत्तर, आणि शेवटी 'काका, एवढ्या बारकाईने माझं काम आजवर कोणीच वाचलं नव्हतं. धन्यवाद.' सत्ताविसावीखाली फोटो : दोन वर्षांपूर्वी तिने मला पाठवलेल्या पत्राचा. 'सर, हे कोष्टक लहान करता येईल असं वाटतं, तुमचं मत कळवाल का?' पत्र माझ्याकडे आहे. उत्तर नाही.

ज्याच्यावर रागवावे त्याने आभार मानू नयेत. त्याने माणसाची फार कुचंबणा होते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

निवडणुकीच्या निमित्ताने अकोल्यात होतो, म्हणून योगेशच्या संस्थेत गेलो. योगेश तिथे संगणक शिकवतो. जन्मांध आहे, आणि उभ्या वऱ्हाडात त्याच्याइतके भरभर वाचणारा मी पाहिलेला नाही. म्हणजे ऐकणारा. आपण बोलतो त्याच्या तिप्पट-चौपट वेगाने तो ऐकतो. बाजूला बसलेल्याला नुसते पाखरू चिवचिवल्यासारखे वाटते.

"या श्यामभाऊ! निवडणुकीत उभे-बिभे आहात काय?"

"मला मत कोण देईल?"

"आमी देऊ ना. आमाले कोनाचं तोंड पाहा लागत नाई."

मी दोन आवाज घेऊन गेलो होतो : एक आजचा, एक दामिनीच्या पॅचचा. कोणता कुणाचा ते सांगितले नाही. योगेशने दोन्ही चौपट वेगावर लावले. पहिला ऐकताना दोनदा मान तिरकी केली. दुसरा ऐकताना तो खुर्चीत मागे रेलला.

"हा पयला तुमचा."

"कशावरून?"

"अहो, याच्यावरच शिकलो मी. मायची हाक जशी वयखू येते तसा वयखू येते. पण श्यामभाऊ, चालाले हा चांगला. धावाले लागलं का दम खाते. आमची पोरं आता धावून राहिली." मग म्हणाला, "परीक्षेत सव्वा तास लागते याले एक पेपर वाचाले. त्याले चाळीस मिनिटं. बाकीच्या वेळात पोरगं उत्तर देईन ना."

"दामिनीने आधी ऐकवला असेल तुला."

"नाई. मांगतला होता मी. म्हने काकाची सही झाल्याबिगर देनार नाई."

परतीच्या गाडीत विचार केला. योगेश आणि दामिनी दोघेही अकोल्याचे. संगनमत नाकारता येत नाही.

सही केली नाही. आणखी एक फेरी व्हायला हवी. घाईने काही करू नये.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज सापडली! खरीखुरी चूक. सहाव्यांदा वाचताना. एकशे सेहेचाळिसाव्या ओळीत, वाक्य संपल्यावर, थांबायचे त्याच्या दुप्पट थांबणे. कितीही वेग वाढवा, तिथे आवाज ठेचकाळतो. योगेशने दुसऱ्या आवाजात हे पकडले नाही याचा आनंद वेगळाच. बातमी लिहायची सोडून पावणेदोन तास हरकतीचा मसुदा केला. अतिशय सौम्य, अतिशय जीवघेणा.

पाठवण्याआधी ती ओळ आली कुठून ते पाहिले. तिच्याशेजारी दामिनीची बारीक टीप होती : 'हा आकडा काकांच्या मूळ कोष्टकातून जसाच्या तसा घेतला आहे. एवढं का थांबायचं ते मला कळलं नाही. काहीतरी कारण असणार, म्हणून हात लावला नाही.'

अकराशे चौऱ्याऐंशी ओळी काढल्या आणि एक ठेवली. हीच.

संध्याकाळी गीतांजलीला विचारले. कारण कोष्टकासाठी मापे घेतली ती तिच्याच वाचनावरून. मागच्या खोलीत खिडक्यांना गोधड्या लावून तिच्याकडून चारशे वाक्ये वाचून घेतली होती.

"प्रत्येक वाक्यानंतर तू इतकी का थांबायचीस?"

"विसरलात? नाक गळत होतं माझं. वाचायचे आणि पुसायचे. दोनदा म्हटलं पुढच्या आठवड्यात करू, तर तुम्ही म्हणालात, 'मुहूर्त टळेल.'"

म्हणजे गेली तेरा वर्षे राज्यभरातल्या अंध माणसांना माझ्या बायकोची सर्दी ऐकवली जात आहे, आणि दामिनीने ती भक्तिभावाने जपून ठेवली आहे.

मसुदा पाठवला नाही. पाठवायचा तर कारणही लिहावे लागेल.

२३ नोव्हेंबर, रविवार

दामिनीचा निरोप : 'काका, उद्यापासून एक डिसेंबरपर्यंत धारणीला आहे, कॉलेजचं शिबिर. पाड्यावर रेंज नसते. पॅचमध्ये काही लागलं तर तुम्हीच बदलून टाका, माझी हरकत नाही. तुम्ही बदलाल ते बरोबरच असेल.'

इतका विश्वास टाकणे हे एक प्रकारचे दडपणच आहे. 'वाचतो' असे उत्तर दिले. निरोप पोहोचल्याची खूण आली नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

योगेशचा फोन. "श्यामभाऊ, फोन शून्य गिळून राहिला! बायकोले लावला तं पोलीस ठान्यात लागला. तिले सांगतलं तं म्हंते, फरक काय?"

'श्रवणी'ची चाचणी-प्रत फोन नंबर वाचताना मधले शून्य खाते. सागरचा तो लांब पॅच. तीन ठिकाणी काडी घातली होती. शून्य चौथ्या ठिकाणी होते. सही माझी.

सागरने लिहिले, 'आदरणीय गुरुवर्य, आपण तपासले होते म्हणून मी निश्चिंत होतो.'

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

किशोरने दिवसभर बसून सागरचा घोळ निस्तरला. त्यासाठी आवाजाच्या विभागाची मांडणी बरीच बदलावी लागली. मला एका शब्दाने बोलला नाही. तो बोलला असता तर बरे झाले असते.

संध्याकाळी यंत्राने उरलेले पॅच नव्या मांडणीवर लावून पाहिले. सगळे बसले. दामिनीचा बसला नाही. ज्या जागेवरून ती माझे कोष्टक काढते, ती जागाच आता तिथे नाही. लाल फुली.

किशोर फोनवर म्हणाला, "दामिनीला कळवता येईल का?"

"धारणीत आहे. पाड्यावर."

"मग जूनमध्ये. काय करणार. मला तर त्यातलं ओ की ठो कळत नाही. तो पॅच दोनच माणसांना कळतो, आणि एक जंगलात आहे."

दुसऱ्याचे नाव त्याने घेतले नाही.

म्हणजे झाले. मी सही नाकारली नाही, हरकत घेतली नाही, काहीच केले नाही, आणि तरी कोष्टक आणखी सहा महिने राहील. फार वाईट वाटले असे लिहिणार होतो. वाटले नाही. जेवणानंतर बडीशेप खाल्ली, प्रचारसभेची बातमी दिली आणि शांत झोपलो.

२९ नोव्हेंबर, शनिवार

काही विशेष नाही. योगेशचे दोन फोन आले, बैठकीत होतो. उचलायला हवे होते. बैठक चारला संपली.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी नऊला सागरने गटावर लिहिले, 'दामिनीताईंचा पॅच मी दुपारपर्यंत नवीन मांडणीवर बसवून देतो. गुरुवर्य सही करतीलच.' किशोरने अंगठा दाखवला. योगेशने हात जोडले.

साडेदहाला सागरचा प्रयत्न आला. उघडला. आणि माझे डोके फिरले.

त्या मुलाने पॅचचा खाटीकखाना केला होता. दामिनीने बारा ओळींत एक वळण घेतले आहे : वेग वाढला की आधी काय आखडायचे आणि शेवटपर्यंत काय आखडायचे नाही. त्या बारा ओळी मी नऊ वेळा वाचल्या आहेत. पहिल्या तीन वेळा चूक शोधायला. नंतरच्या सहा वेळा कशाला, ते तक्त्यात नाही आणि इथेही लिहीत नाही. सागरने त्याची चाळीस ओळींची खिचडी केली होती आणि वर टीप : 'सोपे केले.'

तुला कोणी सांगितले होते त्याला हात लावायला? परतवाड्याला बसून, एका सकाळीत, एकदा वाचून? माझी सतरा दिवस त्या पॅचशी झटापट चालली आहे. तो मोडायचा असेल तर मी मोडीन.

सागरला कळवले, 'थांब.' आणि अकराला बसलो.

गीतांजलीने ताट टेबलावरच आणून ठेवले. "काय चाललंय?"

"दामिनीचा पॅच बसवतोय."

तिने वरणात तूप वाढले, ते नेहमीपेक्षा जास्त होते.

दोन वाजता ध्यानात आले की हात लागला म्हणजे माझी सही गेली. किशोरला फोन लावला.

"नियम तूच लिहिलास श्याम," तो म्हणाला. "विभागाचा तपासनीस एकच, आणि त्याचाच हात लागला, तर सही कोणाची?"

"तुझी?"

"माझी केव्हा चालते? विभागाला तपासनीसच नसेल तर. तपासनीस असताना मी त्याच्या डोक्यावरून सही करायची नाही, हेही तूच घातलंस. दोन हजार सोळा साली. तेव्हा माझ्यावर रुसला होतास."

मला रुसल्याचे आठवत नाही. नियम आठवतो.

"मग मी विभाग सोडतो."

"फुरसतीने ठरव की. जून काही लांब नाही."

"सागर करणार होता तो. तू पाहिलंस त्याने काय केलंय ते?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"तेच तर."

साडेचारला पॅच बसला. हिरवी खूण. मग एकशे सेहेचाळिसावी ओळ, जी आता एकशे एकावन्नावी झाली आहे. तिथला आकडा निम्मा केला आणि दामिनीच्या टिपेखाली, जगाला दिसेल अशी, माझी टीप : 'याला कारण काही नव्हते. माप घेतले त्या दिवशी वाचणारीला सर्दी होती, आणि माप घेणाऱ्याला घाई. श्याम.' हे लिहायला पंचवीस मिनिटे लागली. एवढ्या वेळात मी एखाद्या मंत्र्याची सभा संपवतो.

पाच चाळीसला दुसरा पॅच पाठवला. एका ओळीचा. तपासनीसांच्या यादीतून, 'आवाज' या शब्दापुढचे, माझे नाव वगळले. यंत्राने हिशेब छापला : नव्या ओळी ०, वगळलेल्या १.

पाच बावन्नला किशोरने दोन्हींवर सह्या केल्या.

गच्चीवर जाऊन वाळत घातलेल्या तुरीच्या शेंगांवरची चिमणी हुसकली. ती परत आली. पुन्हा हुसकली. अर्धा तास हेच.

१ डिसेंबर, सोमवार

दुपारी दामिनीचा फोन. पाठीमागे कंडक्टरची आरडाओरड.

"काका, अकोटच्या स्टँडवर रेंज आली. आता पाह्यलं. तुमचं नाव काहून काढलं?"

"निवडणुका आहेत. वेळ होत नाही."

"उद्या मतदान हाय. मंग वेळच वेळ."

"वय झालं आता दामिनी."

"माया बाप तुमच्याहून आठ वर्षांनी मोठा हाय, शेवंती तोडून राहिला." मग आवाज खाली गेला. "मंग मायं आता कोन पाह्यन?"

"किशोर आहे ना."

"ते सही करतात काका. पाहता तुमी."

गाडी सुटली असावी, फोन तुटला. मुलगी गोड बोलण्यात पटाईत आहे हे आधीही नोंदवले असेल. नसेल तर आता नोंदवतो.

संध्याकाळी किशोरने तिचे नाव 'आवाज'पुढे घातले. मला आधी विचारले. मी 'विचार करू' म्हटले नाही. 'घाल' म्हटले. मग रात्रीपर्यंत चारदा ती यादी उघडून पाहिली. नाव दरवेळी तिथेच होते.

५ डिसेंबर, शुक्रवार

अकोल्याला गेलो. बातमीसाठी, असे घरी सांगितले. गीतांजली म्हणाली, "स्वेटर घाला, बातमीला सकाळी थंडी असते."

हॉलमध्ये साठ लॅपटॉप, साठ मुले-मुली. दामिनी या टेबलावरून त्या टेबलावर. मला पाहून लांबूनच ओरडली, "काका, इकडे! हे बंद पडून राहिलं." पाहिले. चार्जर लावला नव्हता. लावला.

योगेशने मला एका मुलीपाशी बसवले. रागिणी, बारावी, तेल्हाऱ्याकडची. तिने माझा आवाज ऐकून मान किंचित वळवली.

"तुमीच श्यामकाका काय? पेपरवाले?"

"हो."

"योगेशसर म्हनत होते, पयलेचा आवाज तुमी बनवला होता म्हनून. तुमचीच बातमी लावू काय?"

तिने आमच्या दैनिकाचे पान उघडले. नगरपालिकेच्या मतदानावरचा माझा मोठा लेख. त्यावर मी एक अख्खी दुपार घालवली होती. दोन ठिकाणी विशेषण बदलले होते, शेवटचा परिच्छेद तीनदा लिहिला होता. तिने एक कळ दाबली आणि वेग चढवला. चढवला. आणखी चढवला.

लॅपटॉपमधून एक सलग, बारीक, न अडखळणारी धार निघाली. मी कान देऊन ऐकले. माझाच लेख, माझीच वाक्ये. एक शब्द समजला नाही. कुठे वाक्य संपते तेही कळले नाही. तिच्या चेहऱ्यावर मात्र ते सगळे उमटत जात होते. एका ठिकाणी ती चक्क हसली. कुठल्या वाक्याला हसली ते विचारावेसे वाटले, पण तेवढ्यात ते मागे पडले होते. दामिनी टेबलाला टेकून उभी राहिली आणि तिनेही ऐकले, आणि तीही त्याच वेळी हसली. तिलाही कळत होते. खोलीत ज्याला काही कळत नव्हते असा मी एकटाच.

मला त्या दोघींच्या कानांचा हेवा वाटला. इतका स्वच्छ की लपवायचे सुचले नाही.

पन्नास सेकंदांत संपले.

"कसा वाटला?" मी विचारले.

रागिणीने विचार केला. "तसा बरा हाय. पन मधात लय फापटपसारा." मग, माझे मन राखायला असेल, "शेवट चांगला जमला. दुसरा लावू?"

दामिनी ओठ दाबून छताकडे पाहत होती. मी मान डोलावली. मग लक्षात आले, आणि तोंडाने म्हणालो, "लाव."